चुरीबाईंचा मैल

चुरीबाई शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसल्याचं मला एकदाही आठवत नाही. हजेरीपट त्या उभ्यानेच भरायच्या, तेही एका पायावर. दुसरा पाय गुडघ्यात वाकवून बगळ्यासारखा मागे धरलेला. 'अ' तुकडीची हजेरी डाव्या पायावर, 'ब' तुकडीची उजव्या. मध्येच कोणी काही विचारलं तर तोल न ढळता उत्तर द्यायच्या आणि वर त्याला ऐकवायच्या, "हसू नका. हजेरी राहू द्या, एका पायावर उभं राहून स्वतःचं नाव लिहून दाखवा."

कोणी लिहून दाखवत नसे. गणिताचे सर चहाच्या कपाआडून हसत आणि बाई पुन्हा पटात डोकं घालत. त्यांचं शाळेतलं सगळं आयुष्य असंच चाललेलं मी पाहिलं. त्या काहीतरी करून दाखवत होत्या आणि बाकीचे बसून बघत होते. बघणाऱ्यांत मीही होते.

मी बोईसरच्या त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. तारापूरला विजेच्या प्रकल्पाचं बांधकाम सुरू झालं होतं आणि वडिलांना तिथे नोकरी लागली, म्हणून आम्ही मुंबईहून येऊन सालवडला दोन खोल्या घेतल्या होत्या. माझं शिक्षण मुंबईत, इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी घरात बोलण्यापुरतं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवायचं, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. म्हणून मी खिडकीजवळची कोपऱ्यातली खुर्ची धरली होती आणि समोर एक पुस्तक उघडं ठेवत असे.

पहिल्याच आठवड्यात चुरीबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि न विचारता त्यांनी माझे दोन्ही खांदे धरून मागे ओढले.

"हे खांदे कुणापासून लपवताय?"

ओळख नसलेल्या माणसाने अंगाला हात लावलेला मला आवडत नाही. त्या दाराकडे निघाल्या, उंबऱ्यावर थांबल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "गेले बघा परत."

खांदे खरंच परत आपल्या जागी आले होते.

बाई चिंचणीच्या, शाळेत व्यायाम शिकवायच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, कपाळ मोकळं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. पांढरं सुती पातळ, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. ते रोज सकाळी शाळेतल्या खडूने पांढरे होत आणि दुपारपर्यंत मातीने तांबडे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली शिट्टी. चिंचणीहून त्या एसटीने यायच्या, पण बोईसरच्या अलीकडे दोन थांबे उतरून उरलेलं अंतर चालायच्या. कंडक्टरने पहिल्यांदा विचारलं, "बाई, तिकीट पुढचं काढलंय ना?" तर त्याचंच मनगट धरून त्यांनी त्याची नाडी मोजली. "उभ्या उभ्या नव्वद! आणि दिवसभर बसमध्ये उभा असतोस. घरी जाऊन खाटेवर पडू नकोस, चाल थोडा." पोस्टमन, शिपाई, बाजारातला भाजीवाला, कोणाचंही मनगट त्यांच्या हातात सापडे. एकदा मैदानात ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरला त्यांनी शिट्टी मारून थांबवलं, तर तो खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बहनजी, हमको भी कवायत कराओगी क्या?" त्याचीही नाडी घेतली गेली.

मैदानात ट्रक येण्याचं कारण पाइप. कुठल्याशा ठेकेदाराने आपले सिमेंटचे मोठे पाइप ठेवायला शाळेची जागा मागितली आणि हेडमास्तरांनी ती दिली. बदल्यात शाळेला बाकं मिळाली. "चार महिन्यांचा प्रश्न आहे," हेडमास्तर म्हणाले होते. मी नोकरी सोडली तेव्हाही पाइप तिथेच होते. धावण्याची आखलेली वाट एका पाइपाशी येऊन थांबायची. बाईंनी काही दिवस अर्ज केले, मग चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन त्या वाटेला पाइपाभोवती वळण दिलं, आणि लहान मुलींना पाइपांवरून तोल सांभाळत चालायला लावलं. हेडमास्तर कौतुकाने म्हणाले, "बघा, उपयोग झाला की नाही?" त्या दिवशी बाईंनी हजेरीपट दोन्ही पायांवर उभं राहून भरला. मला वाटतं, राग आवरायला त्यांना दोन्ही पाय लागले.

व्यायामाचा तास हा तर सगळ्यांचा हक्काचा ठेवा होता. गणित मागे पडलं, घ्या पी.टी.चा तास. भूगोलाचा नकाशा राहिला, घ्या पी.टी.चा तास.

"चुरीबाई, मॅट्रिकचं वर्ष आहे मुलींचं," हेडमास्तर म्हणायचे.

"म्हणून तर. सहा तास बसून पाठीचा कणा आणि डोकं दोन्ही आखडतं. गणित काय आखडलेल्या डोक्यात शिरणार?"

"उड्या मारून शिरतं का?"

यावर सगळी खोली हसायची. बाई हसायच्या नाहीत. एकदा त्या सरळ गणिताच्या वर्गात गेल्या, विसाव्या मिनिटाला शिट्टी मारली आणि साऱ्या वर्गाला उभं करून हात वर, खाली, बाजूला करायला लावलं. सरांनी लेखी तक्रार केली. बाईंना समज मिळाली. ती समजही त्यांनी एका पायावर उभं राहून वाचली.

पण जो तास त्यांच्या वाट्याला उरायचा, तो बघण्यासारखा असायचा. मी खिडकीतून बघत असे. त्या हाताची पाच बोटं उघडून दाखवायच्या, "ताकद, दम, वेग, लवचिकपणा, तोल. यातलं एक बोट नसलं तरी मूठ नीट वळत नाही." मग मुलींना एकमेकींची नाडी मोजायला लावायच्या, बसून एकदा, मैदानाला फेरी मारून एकदा, आणि दम खाऊन एकदा. "कोणाची लवकर खाली येते बघा. जिची लवकर येते तिचं हृदय शहाणं." आणि त्यांचं नेहमीचं, रोज एकदा तरी ऐकू येणारं वाक्य, "शरीराला कळत नाही गं, शरीराला सवय लागते. म्हणून सवय बरी लावायची."

हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवलं.

एकदा शिक्षण खात्यातले साहेब तपासणीला आले. बाईंनी डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुलींना पुढे बोलावलं आणि उकिडवं बसायला सांगितलं. त्या मुली टाचा जमिनीला टेकवून निवांत बसल्या, गप्पा मारायला बसतात तशा. बाई म्हणाल्या, "साहेब, घोटा, गुडघा, कंबर, तिन्हींचा लवचिकपणा एका बैठकीत दिसतो. शहरातल्या माणसाची टाच उचलते. बघा करून."

साहेब चांगले होते, निदान त्या क्षणी तरी. ते हसत उकिडवे बसायला गेले आणि मागच्या मागे धपकन पडले. मुली खो खो हसल्या. हेडमास्तरांनी त्यांना हात देऊन उठवलं. साहेबही हसले, पँट झटकली. बाई तेवढ्यात म्हणाल्या, "रोज पाच मिनिटं करा, महिन्यात जमेल." तेव्हा साहेब हसायचे थांबले. हे मी खिडकीतून पाहिलं. बाईंनी पाहिलं नाही. त्यांचं लक्ष साहेबांच्या घोट्यांकडे होतं.

हेच साहेब पालघरला होणाऱ्या तालुक्याच्या क्रीडास्पर्धांचे प्रमुख होते. आणि बाईंना त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती. मुलींसाठी मैलाची शर्यत.

तेव्हा मुलींना शंभर यार्ड, दोनशे यार्ड आणि लिंबू-चमचा एवढंच असायचं. लांब पळणं मुलींना झेपत नाही, असं सगळ्यांनी धरलेलं. बाई म्हणायच्या, "यांच्या आया मुरब्याहून टोपलीभर मासळी डोक्यावर घेऊन बोईसरच्या बाजारात येतात. ते झेपतं. मोकळ्या डोक्याने मैल झेपत नाही?" चार वर्षं त्या दरवेळी अर्ज करत होत्या. त्या वर्षी साहेबांनी अखेर होकार दिला, पण अट घालून. एक वर्ष बघू. मुली कोसळल्या, काही गडबड झाली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"कोसळणार नाहीत," बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे हिरू होती.

हिरू समुद्रकाठच्या मुरब्याची, आठवीत. तिची आई बाजारात मासळी विकायची आणि हिरू सकाळी आईबरोबर एक लहान टोपली डोक्यावर घेऊन यायची, बाजारात टेकवायची आणि तशीच शाळेत. हातांना खाऱ्या पाण्याचा वास, म्हणून वर्गात तिच्या शेजारी बसायला मुली कुरकुर करायच्या. हिरूला त्याचं काही नव्हतं. "वास येतो त मागं बस नं," म्हणायची. पहिल्या दिवशी बाईंनी तिला धावण्याआधी अंग मोकळं करायला दहा मिनिटं हातपाय हलवायला सांगितले, तर ती म्हणाली, "बाई, मी मुरब्यावरनं चालत आले. अंग मोकलंच हाय."

बाई मोठ्याने हसल्या. त्यांना मी तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं.

ती धावायची मात्र विचित्र. म्हणजे आम्हाला विचित्र दिसायचं. मासळीवाल्या बायका चालतात तशी तिची चाल होती. मासळी उन्हात टिकत नाही, म्हणून त्यांना रमतगमत चालता येत नाही. धड चालणं नाही, धड धावणं नाही, अशी एक घाईची चाल त्यांची असते. मान सरळ, पावलं लहान, कंबर सैल, आणि उजवा हात वर, टोपलीच्या कडेला. हिरू टोपली नसतानाही तशीच धावायची. उजवा हात कोपरात वाकून कानाजवळ वर. डावा तेवढा झुलायचा.

बाईंच्या पुस्तकात लिहिलं होतं की धावताना दोन्ही हात सारखे, पुढे-मागे, छातीच्या खाली. बाईंनी ते पुस्तक पाठ केलेलं होतं. दिवाळीपासून त्यांनी हिरूचा हात खाली आणायचं काम सुरू केलं. हात वर गेला रे गेला की पाइपांपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "हिरू, हात!" आणि हात खाली यायचा. दहा पावलांवर पुन्हा वर. "हिरू, हात!" कधी मनगटाला सुतळी बांधून ती कमरेला अडकवली, कधी त्या हातात ओली वाळू भरलेली पिशवी दिली. शाळा सुटल्यावर रोज तासभर. बाई घामाघूम, घसा बसलेला, आणि पोरगी वैतागलेली.

"बाई, हात खाली ठेवला का मना काय सुचतच नाय."

"सुचेल. सवय लागेल."

"माजी आये त अशीच चालते."

"तुझ्या आईला शर्यत नाही जिंकायची."

मला बाईंनी वेळ मोजायला बसवलं होतं. "तुम्ही बोलत नाही, म्हणजे तुमचं लक्ष असतं," एवढंच कारण त्यांनी दिलं. मी पाइपावर बसायची. एका हातात त्यांचं जुनं स्टॉपवॉच, मांडीवर वही. प्रत्येक फेरीची वेळ लिहायची.

तीनेक आठवड्यांत माझ्या लक्षात आलं. ज्या फेरीत बाईंचं लक्ष दुसरीकडे असायचं, एखाद्या लहान मुलीचा पाय मुरगळला किंवा हेडमास्तर बोलवायला आले, त्या फेरीत हिरूचा हात वर जायचा. आणि त्याच फेऱ्या कमी वेळात व्हायच्या. एखाद्या सेकंदाने नव्हे, चांगल्या चार-पाच सेकंदांनी. शिवाय फेरी संपल्यावर ती तितकी धापत नसे. मी वहीत त्या वेळांपुढे दोन इंग्रजी अक्षरं लिहू लागले. 'हात वर' याची माझी खूण. इंग्रजीत लिहिली, कारण बाईंना इंग्रजी येत नव्हतं.

सांगायला हवं होतं. सांगायचं मी रोज ठरवायची. पण बाईंना व्यायामातलं सगळं येत होतं आणि मला पाइपावर बसता येत होतं. मी काय सांगणार? वाक्य मनात जुळवायची, "बाई, मला असं वाटतं की..." आणि तेवढ्यात मैदानातून आवाज यायचा, "हिरू, हात!" की वाक्य मोडायचं. असे दोन महिने गेले. हळूहळू हात खाली राहू लागला. वेळ थोडी वाढली होती. बाई म्हणाल्या, "नवीन सवय आहे, रुळली की वेळ उतरेल." मी मान हलवली.

पालघरच्या मैदानाला सहा फेऱ्या म्हणजे मैल. सात मुली उभ्या राहिल्या. साहेब मांडवात खुर्चीवर. बघायला गर्दी पुष्कळ होती, कारण मुली मैलभर पळणार म्हणजे नक्की काय होणार, हे सगळ्यांना बघायचं होतं.

दुसऱ्या फेरीला दोन मुली बाजूला झाल्या. तिसरीला आणखी एक बसली. मांडवात कुजबुज सुरू झाली. हिरू दुसरी होती. पालघरच्या एका उंच मुलीच्या मागे, दोन्ही हात सारखे हलवत, अगदी पुस्तकात आहे तसं. बाई ओठ घट्ट मिटून बघत होत्या. पण हिरूचा चेहरा मी ओळखत होते. ती हात सांभाळत होती आणि पाय विसरत होती. चौथ्या फेरीत ती तिसरी झाली.

पाचव्या फेरीत, आमच्यापासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यावर, तिचा उजवा हात वर गेला.

मला ते दुरून दिसलं. मान सरळ झाली, पावलं लहान झाली आणि ती निघाली. जशी ती मुरब्याहून रोज निघते तशी. एकीला मागे टाकलं. मग त्या उंच मुलीला. सहावी फेरी सुरू झाली तेव्हा ती पहिली होती, वीस पावलं पुढे, आणि चेहऱ्यावर काही कष्ट नव्हते.

गर्दी हसायला लागली.

"ए पोरी, टोपली कुठं टाकलीस?"

"मांदेली काय भाव गं?"

"अरे, जपून, मासळी सांडंल तिची!"

मांडवातले लोकही हसत होते. हिरूला ऐकू येत असणार, पण ती थांबली नाही. शेवटचं वळण घेऊन ती आमच्या समोर आली. शेवटची रेघ चाळीस-पन्नास यार्डांवर. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मला कळलं की आता काय होणार आहे. माझं तोंड उघडलंही होतं.

"हिरू, हात!"

बाईंचा आवाज मैदानभर गेला. त्या ठरवून ओरडल्या नव्हत्या. तो आवाज दोन महिने रोज त्या घशातून निघत होता, तसाच निघाला. आणि हिरूचा हात, त्यालाही दोन महिने लावलेली सवय, ताबडतोब खाली आला. पावलं त्या हाताबरोबर बदलायला गेली, एक पाऊल दुसऱ्यात अडकलं आणि ती दोन्ही गुडघ्यांवर पडली. उंच मुलगी पुढे गेली. आणखी एक गेली. हिरू उठली आणि लंगडत रेघेपर्यंत चालत आली. दोन्ही गुडघ्यांतून रक्त येत होतं.

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. नंतर हेडमास्तरांकडून कळलं: तीन मुलींनी शर्यत सोडली, एक पडून जखमी, सबब पुढील वर्षापासून हा प्रकार बंद.

परतीच्या बसमध्ये हिरू मुलींबरोबर मागे बसली होती. बाई माझ्या शेजारी बसल्या. बसमध्येही त्या एरवी दांडा धरून उभ्या राहायच्या. पालघर मागे पडेपर्यंत त्या पुढच्या बाकाचा दांडा धरून होत्या. मग म्हणाल्या, "वही द्या."

त्यांनी पानं उलटली. बोट एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर नेत राहिल्या. बोट थांबलं.

"ही अक्षरं कसली?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

"काय लिहिलंय हे? जिथे जिथे वेळ उतरलीय तिथेच आहे."

"हात वर," मी म्हणाले. "म्हणजे, त्या फेरीत तिचा हात वर होता."

त्यांनी मागची पानं पुन्हा बघितली. पहिल्या पानापासून.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"केव्हापासून?"

"दिवाळीनंतर... तीनेक आठवड्यांत."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला माहीत असतं तर मी बोंबलले असते का हो तिथे उभी राहून?" त्यांचा आवाज चढला, मागच्या मुली गप्प झाल्या. मग त्या हळू म्हणाल्या, "आणि लिहिलंत कशात, तर मला न कळणाऱ्या अक्षरांत."



हिरू शाळेत यायची थांबली. दोन आठवडे वाट बघून बाई मुरब्याला निघाल्या आणि मला म्हणाल्या, "चला." रागाने की कसं ते कळलं नाही, पण मी गेले. वाळवणावर हिरू तिच्या आईबरोबर सुकत घातलेली मासळी उलटत होती. गुडघ्यांवर खपल्या धरल्या होत्या. तिने वर बघितलं नाही. आईने बघितलं.

"बाय, तुमी तिला धावाया शिकवलं, बरा केला. पन आता तिचा हात टोपलीवर धड ऱ्हात नाय. वर धरला का खाली येतो, खाली आला का दचकते. परवा अर्धी मासली रस्त्यात सांडली. आमाला चालनारी पोर पायजे."

बाई हिरूसमोर जाऊन उकिडव्या बसल्या.

"हिरू."

हिरूने हातातली मासळी उलटली, पुढची घेतली. मग खाली बघूनच विचारलं, "बाई, आता सांगा. हात वर का खाली?"

"वर."

"मग इतकं दिस खाली का?"

"मला कळलं नव्हतं. मी पुस्तकात बघत होते, तुझ्याकडे बघितलंच नाही."

आमच्या शाळेतल्या कुठल्याही शिक्षकाने हे वाक्य विद्यार्थ्यासमोर उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. हिरूनेही ऐकलं नसावं. तिने पहिल्यांदा मान वर केली.

"मना परत नाय धावायचं," ती म्हणाली. "हसतात."

"नको धावू. मला शिकव."

हिरूची आई हसायला लागली. "तुमी? या वयात?"

"साहेब म्हणतात, मुलींना मैल झेपत नाही. पुढच्या स्पर्धेआधी त्यांची सभा असते. त्या सभेला मी जाणार आणि त्यांच्यासमोर मैदानाला सहा फेऱ्या मारणार. डोक्यावर टोपली घेऊन. शेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोपलीसकट झेपतं म्हटल्यावर चौदा वर्षांच्या पोरींचं काय बोलतील ते बघू."

"सांडंल," हिरू म्हणाली.

"म्हणून तर शिकव म्हणते."

हिरूने आईकडे बघितलं. मग शेजारी पडलेली चुंबळ, टोपलीखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची गुंडाळी, उचलून बाईंच्या पुढ्यात टाकली. शिकवीन असं ती म्हणाली नाही.

त्यानंतर महिन्याभरात वडिलांची बदली झाली. बाईंना मी शेवटच्या दिवशी सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. सभेत वेळ मोजायला मी असेन असं त्यांनी धरलं होतं की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि माझी विचारायची हिंमत झाली नाही. जाण्याआधी तीन रात्री बसून मी ती वही पहिल्यापासून उतरून काढली होती, सगळी मराठीत. प्रत्येक वेळेपुढे 'हात वर' किंवा 'हात खाली', स्वच्छ अक्षरात. ती त्यांच्या टेबलावर ठेवली. हातात द्यायचं धाडस झालं नाही.

सामान आधीच गेलं होतं. सकाळी आई आणि मी एसटीने पालघरला निघालो. बोईसरबाहेर रस्त्याच्या कडेने मासळीवाल्या बाजाराकडे येत होत्या, एकीमागे एक, सगळ्यांचे उजवे हात वर. ड्रायव्हरने हॉर्न दिला आणि बस हळू केली.

रांगेच्या शेवटी पांढरं पातळ होतं. पायांत कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळा दोरा. डोक्यावर लहान टोपली. मान इतकी ताठ की दोन्ही बाजूंचं काहीच दिसत नसावं. दोन्ही हात खाली, पुढे-मागे, छातीच्या खाली, अगदी सारखे हलत होते आणि टोपली डगमगत होती.

त्यांच्या पुढे चालणारी मुलगी थांबली, टोपली तशीच डोक्यावर ठेवून मागे वळली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली,

"बाई, हात!"

चुरीबाईंचा हात ताबडतोब वर गेला.